करीमसाठी पिठलं

एकटीने केलेले माझे वेडेपणे पुष्कळ आहेत आणि ते मी कुणाला सांगत नाही. पण हा वेडेपणा मी तीन बायकांना बरोबर घेऊन, इस्त्रीची साडी नेसून, डबा भरून केला. साक्षीदार आहेत म्हटल्यावर लपवणार कुठे? कुलकर्णीकाकूंचा तो दुबईच्या आमच्या देरा भागात सगळ्यांना सांगून झालाय, आणि त्यांच्या सांगण्यात त्या फार शहाण्या दिसतात. म्हणून म्हटलं, एकदा आपल्याच तोंडाने सांगावा. चहा घ्या आणि ऐका. हसू आलं तर हसा, फक्त शेवटपर्यंत थांबा.

कॅसेटच्या जमान्यातली गोष्ट. शिरीष, म्हणजे माझा नवरा, अबू धाबीजवळ मुसफ्फाला एका फॅब्रिकेशन कंपनीत होता. आठवडाभर तो तिकडे कंपनीच्या खोलीवर, शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी देऱ्यात घरी, शनिवारी पहाटे परत. उरलेले दिवस मी, सोहम आणि एसीची घरघर.

सोहम तेव्हा दीड वर्षाचा. त्याला एकदा तापात आकडी आली होती. एकदाच. डॉक्टर म्हणाले, काही मुलांना येते, मोठा झाला की बंद होईल. मी मान डोलावली आणि त्या दिवसापासून तो झोपला की त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायला लागले. बोटाला श्वास लागला की बरं वाटायचं. जरा वेळाने पुन्हा बोट. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेली बाई मी. माझं सगळं शास्त्र त्या एका बोटाच्या टोकाशी येऊन थांबलं होतं.

शिरीष फोनवर म्हणायचा, "अगं, घराबाहेर पड जरा."

"कुठे जाऊ?"

"खाली जा. माणसं बघ."

खाली मल्याळी कॅफेटेरिया होतं. तिथे माणसं भरपूर, आवाज त्याहून भरपूर. एका दुपारी त्या गोंगाटाला टाळून मी बाबागाडी मागच्या गल्लीत वळवली आणि मला मादामचं कॅफे सापडलं.

गल्लीत नुसती ट्रेडिंग कंपन्यांची ऑफिसं. दुपारी शटरं ओढलेली. त्यांच्यामध्ये एक काचेचं दार, आत पाच-सहा टेबलं, मंद दिवे, आणि टेपवर कुणीतरी तरुण मुलगा अरबीत गात होता. इतक्या हळू, की गाणं संपलं तरी कळू नये. काउंटरमागे साठीच्या घरातली एक गोरी, जाडसर बाई. ती इजिप्तची, अलेक्झांड्रियाची. सगळे तिला मादाम म्हणायचे, मीही म्हणायला लागले. माझं नाव तिने एकदाही विचारलं नाही. सोहमचं विचारलं आणि मला 'उम्म सोहम' करून टाकलं. सोहमची आई. तिच्याकडची पद्धतच तशी. मला ते फार बरं वाटलं असं नाही. तेवढीच तर उरले होते मी त्या वेळी.

त्या कॅफेत सोहम झोपायचा. घरी दोन तास खांद्यावर नाचवूनही न झोपणारं पोर तिथे गाडीत बसल्या बसल्या मान टाकायचं. मी बोट धरून बघायचे, मग कॉफी प्यायचे. ती कॉफी गरम असायची. लहान मूल असलेल्या बाईला गरम कॉफी म्हणजे काय, ते तुमच्यातल्या आयांना वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्यावर येते.

काउंटरच्या बाजूच्या भिंतीवर एका मुलाचा मोठा फोटो होता. पंचविशीचा असेल. कुरळे केस, हसरे डोळे. फोटोला ताज्या मोगऱ्याचा हार. मादाम रोज दुपारी तो स्वतः ओवायची, जुना काढून नवा घालायची. फोटोसमोर धुपासारखं काहीतरी जळत असायचं. त्याखाली एक उंच स्टूल, आणि त्या स्टुलावर कुणी बसायचं नाही. एकदा एक लेबनीज साहेब चुकून बसायला गेला तर मादाम काउंटर सोडून धावली. "नो, नो. हे करीमचं."

लोक येताना त्या फोटोकडे बघून क्षणभर थांबायचे. दोन मुलींनी तर बोटांचं चुंबन घेऊन ती बोटं काचेला लावली. फोटोशेजारी पेपरातलं एक कात्रण फ्रेम करून लावलेलं, तोच मुलगा, खाली लांबलचक अरबी मजकूर. आणि टेपवर एक गाणं लागलं, की मादाम कप पुसता पुसता थांबायची आणि डोळे टिपायची.

सांगा, तुम्ही काय समजला असता?

मी धीर करून एकदाच विचारलं, "तुमचा मुलगा?"

तिने छातीवर हात ठेवला. "माझा करीम," म्हणाली आणि हसली. तसं हसणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. मला पुढे विचारवलं नाही. असल्या गोष्टी कुणी खोदून विचारतं का?

घरी येऊन मी सोहमला घट्ट धरून बसले. पण खरं सांगू? त्या दिवसापासून मी तिथे रोज जायला लागले ती कॉफीसाठी नव्हे. जी गोष्ट मनात नुसती आली तरी मी उठून दुसऱ्या कामाला लागायचे, ती या बाईवर प्रत्यक्ष येऊन गेली होती, आणि तरी ती सकाळी उठून कॅफे उघडत होती, कॉफीत वेलची घालत होती, माझ्या पोराकडे बघून गाल फुगवत होती. माणूस एवढं सोसूनही उभं राहू शकतं. तिच्याकडे बघितलं की माझं बोट जरा कमी वेळा नाकाखाली जायचं. हे मी शिरीषलाही सांगितलं नव्हतं.

एके दिवशी मादाम म्हणाली, "उम्म सोहम, बुधवारी ये. संध्याकाळी. करीमसाठी सगळे जमणार आहेत. मैत्रिणींना पण आण. जेवढे लोक येतील तेवढं मला बरं." आणि तिचे डोळे भरले.

मी तशीच उठून वरच्या मजल्यावर कुलकर्णीकाकूंकडे गेले. काकू दुबईत आमच्या सगळ्यांच्या आधी आलेल्या. मंगळागौर कशी, सवाष्ण कुठून आणायची, मुंजीला भटजी कोण, सगळं त्यांच्याकडे. समाचाराच्या बाबतीत तर त्यांचा अधिकार मोठा.

"वर्षश्राद्ध असणार," काकू म्हणाल्या. "कशाने गेला?"

"कसं विचारणार, काकू?"

"नाहीच विचारायचं. आपोआप कळतं."

काकूंची पल्लवी टेबलावर होमवर्क करत होती. कानात वॉकमनचे इअरफोन. तिने एक इअरफोन काढला. "व्हिच कॅफे, आँटी? द वन विथ करीम्स फोटो?"

"तुला माहितेय?"

"एव्हरीवन नोज करीम," ती म्हणाली आणि इअरफोन परत घातला.

"बघ," काकूंनी सुस्कारा सोडला. "शाळेतल्या पोरांपर्यंत गेलंय. केवढं मोठं झालं असेल तेव्हा."

मग काकूंनी हुकूम सोडले. साडी फिकी. गजरा नाही, लिपस्टिक नाही. तिथे चहा-कॉफी घ्यायची नाही. निघताना 'येते' म्हणायचं नाही, गुपचूप उठायचं. आणि डब्यात पिठलं-भात, सुतकातल्या घरी शेजारी नेतात तो.

"वर्षश्राद्धाला पिठलं असतं का, काकू?" मी विचारलं.

"आपण काय श्राद्ध घालतोय का? आपण समाचाराला चाललोय. एक वर्ष उशिरा कळलं एवढंच."



महाराष्ट्र मंडळातल्या आणखी दोघींना काकूंनी बरोबर घेतलं. त्या काकू करतील ते करणाऱ्या. बुधवारला उरलेल्या दोन दिवसांत मी इंग्रजीत एक वाक्य पाठ केलं. समाचाराला मराठीत बोलावं लागत नाही, नुसतं बसलं की पुरतं, पण परक्या भाषेत काहीतरी म्हणायला हवं ना. 'वी आर व्हेरी सॉरी फॉर युअर लॉस.' भाजी चिरताना, सोहमला आंघोळ घालताना, सारखं तेच.

बुधवारी संध्याकाळी आम्ही चौघी फिक्या साड्यांत, मी कडेवर सोहम घेऊन, गल्लीत शिरलो. कॅफे उजळलेलं. बाहेर गाड्या. आत बायका-पुरुष, उंची कपडे, अत्तराचे लोट. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, गालाला गाल लावत होते.

"सांत्वन," काकू पुटपुटल्या.

"काकू, हसतायत हो ते."

"चारचौघांत रडत नसतील यांच्यात. रीत असते एकेकाची."

मादामने आम्हाला पाहिलं आणि हात पसरून पुढे आली. काळा झगमगीत ड्रेस. 'निदान काळा आहे,' मी मनात म्हटलं. तिने आम्हाला फोटोच्या बरोबर समोरच्या सोफ्यावर बसवलं. मी डबा तिच्या हातात दिला. तिने झाकण उघडून वास घेतला, तिला फार आनंद झाला. "करीमसाठी?"

मी मान खाली घालून हो म्हटलं.

आम्ही चौघी हात मांडीवर ठेवून रांगेत बसलो. ट्रे आला, कॉफी, खजूर, बाकलावा. काकूंनी हात जोडून नको म्हटलं. दोघींनी हात जोडले. मीही जोडले. ट्रे परत आला, सरबत घेऊन. पुन्हा चार जोड्या हात. सरबत आणणारा माणूस गोंधळून आमच्याकडे बघत मागे मागे गेला.

एवढ्यात दाराकडून आवाज आला. एका बाईने तोंडावर हात धरून, जीभ हलवून, लांबलचक लुलुलुलु असा सूर काढला. मग दुसरीने. मग सगळ्याच बायकांनी.

"सुरू झाला टाहो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला. दोघींनी पदर लावले.

माझं काय झालं, मला नीट सांगता येणार नाही. काकूंचे डोळे कोरडे होते, तो रिवाज होता. पण माझ्या आत कित्येक महिने दाबून ठेवलेलं काहीतरी त्या आवाजासरशी सुटलं. आकडीच्या दिवशी मी रडले नव्हते. टॅक्सीत नाही, हॉस्पिटलात नाही. आता त्या फोटोसमोर, सोहमला छातीशी धरून मी हमसाहमशी रडायला लागले. मादाम धावत आली. तिने मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "बस, हबीबती, बस. त्याच्यासाठी सगळ्याच रडतात."

मला अजून मोठा हुंदका फुटला.

आणि दारातून करीम आत आला.

फोटोतला. कुरळे केस, हसरे डोळे, अंगात पांढरा कोट. लोक टाळ्या वाजवत होते. तो सरळ मादामपाशी आला, तिला उचललंच त्याने. मी काकूंचं कोपर गच्च धरलं.

"काकू, आला."

"कोण आला?" काकूंनी डोळ्यांवरचा पदर काढला. बघितलं. भिंतीकडे बघितलं. पुन्हा बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा काकूंना काय करायचं ते माहीत नव्हतं. मग त्या उभ्या राहिल्या. दोघी उभ्या राहिल्या.

मादाम त्याचा हात धरून त्याला माझ्यासमोर घेऊन आली. "ही बघ, उम्म सोहम. तुझ्यासाठी किती रडली."

त्याने हात पुढे केला. माझं डोकं पूर्ण रिकामं होतं. आत दोन दिवस पाठ केलेलं एकच वाक्य होतं, आणि ते बाहेर आलं. "वी आर व्हेरी सॉरी फॉर युअर लॉस."

जिवंत माणसाला. त्याच्याच तोंडावर.

तो गंभीर झाला. मग त्याने छातीवर हात ठेवला. "शुक्रन," म्हणाला, म्हणजे आभार. "बैरूतला स्पर्धेत दुसरा आलो, त्याबद्दल आज इथे एकानेही तोंड उघडलं नाही. सगळे नुसते अभिनंदन करतात. तुम्हीच पहिल्या. खलास, पुढच्या वर्षी पहिला येईन, इन्शाल्ला."

आणि जाऊन त्या स्टुलावर बसला.

हळूहळू शेजारच्या टेबलावरच्या बाईकडून सगळं कळलं. करीम गायक होता. आधी देऱ्यात एका गालिच्यांच्या दुकानात सेल्समन. संध्याकाळी मादामकडे येऊन त्या स्टुलावर बसून गायचा. इथल्याच एका गिऱ्हाइकाने त्याची पहिली कॅसेट काढली, आणि आता टॅक्सीटॅक्सीत तो वाजत होता. आज त्याचा वाढदिवस होता. मोगऱ्याचा हार मादाम त्याच्यावरच्या प्रेमाने घालायची. तिच्या गावाकडे आवडत्या माणसाला असे हार देतात म्हणे. धूप त्याला नजर लागू नये म्हणून, आणि पेपरातलं कात्रण म्हणजे त्याची मुलाखत. तो टाहो आनंदाचा. त्यांच्यात लग्नाला, बारशाला बायका असाच सूर काढतात.

केक कापला. आणि मग मादामने, मी बघतेय तोवर, पिठलं-भाताचा डबा उघडून करीमपुढे ठेवला.

"मेघना," काकू माझ्या कानाशी लागल्या, "थांबव त्याला."

"काय सांगून थांबवू?"

करीमने चमचाभर खाल्लं, मग डबा मांडीवर घेतला. "हुम्मुस? इंडियन हुम्मुस?" हुम्मुस म्हणजे त्यांच्याकडचे वाटलेले काबुली चणे. आणि शेवटचं शीत संपेपर्यंत त्याने डबा सोडला नाही.

"स्वतःचं पिठलं स्वतःच खातोय गं बाई," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सरबताचा पेला उचलला. दोघींनीही उचलले.

नंतर तो गायला. सोहम त्या एवढ्या गर्दीत माझ्या खांद्यावर झोपला. कुणीतरी आमचा फोटो काढला. माझे डोळे सुजलेले, फिकी साडी, खांद्यावर पोर. मला भानच नव्हतं.

घरी आल्यावर काकूंनी पल्लवीला फैलावर घेतलं. "तुला माहीत होतं तो गायक आहे. बोलली का नाहीस?"

"यू नेव्हर आस्क्ड, मम्मी."

शिरीष गुरुवारी आला आणि इतका हसला, की सोहम घाबरून रडायला लागला. मी हसले नाही. मी रुसले होते, आणि कुणावर ते सांगायची सोय नव्हती. तुम्ही म्हणाल, मुलगा जिवंत निघाला, आनंद व्हायला हवा. झाला ना. पण माझा आधार गेला होता. ज्या बाईच्या दुःखाला धरून मी इतके दिवस उभी होते, तिला ते दुःख झालेलंच नव्हतं. म्हणजे एवढं सोसूनही माणूस कॉफी करतं, हे काही खरं नव्हतं. ते मी माझ्या मनानेच रचलं होतं.

चार दिवस गेलेच नाही. मग सोहम दुपारी झोपेना, म्हणून गेले. मादामला सगळं खरं सांगितलं. हार, स्टूल, पिठलं, बोट. वाटलं, ती रागावेल. नाहीतर लोळून हसेल.

ती कपच पुसत राहिली. मग म्हणाली, "मला मूलच नाही, उम्म सोहम. हा पोरगा एक दिवस उपाशी आला, एवढंच. पण तू रोज येऊन बसायचीस, ते माझं दुःख हलकं करायला?"

मला ओशाळल्यासारखं झालं. मी माझंच हलकं करत होते. पण तसं सांगवेना. मी हो म्हणून मान हलवली.

"मला वाटायचं, कॉफीसाठी," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने डोळे धुतले.

त्यानंतरच्या आठवड्यात गेले तर भिंतीवर करीमशेजारी आणखी एक फोटो. त्याच मापाचा. सुजलेल्या डोळ्यांची मी, खांद्यावर सोहम. आणि फोटोला घसघशीत मोगऱ्याचा हार.

आधीची मी असते तर तिथेच किंचाळले असते. आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, त्यात लेकराच्या. पण मादाम समोर उभी होती, बोटांना मोगऱ्याचा वास येत होता, आवडलं का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, आवडला. मग त्या हाराखाली बसून कॉफी प्यायले. सोहम शेजारी झोपला होता. घरी आल्यावर लक्षात आलं, त्या सगळ्या वेळात मी एकदाही बोट धरून बघितलं नव्हतं.

इथे किस्सा संपायला हवा होता. पण काकू जिथे थांबतात, त्याच्या पुढचं त्यांना माहीतच नाही.

हिवाळ्यात एक दिवस मी आतल्या कोपऱ्यात बसले होते. सोहम काउंटरमागे मादामच्या पायाशी खेळत होता. दार उघडून एक मुलगी आत आली. कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र, हातात स्टीलचा डबा, दुपट्यात तान्हं बाळ. आमच्याच इमारतीत नवीन आलेली, नागपूरची. हिला मी त्या आठवड्यात दोनदा काचेतून आत डोकावताना पाहिलं होतं. ती माझ्या फोटोसमोर उभी राहिली. हाराकडे बघितलं, माझ्याकडे, म्हणजे भिंतीवरच्या माझ्याकडे, मग फोटोतल्या सोहमकडे. तिने हळूच बाळाच्या नाकाखाली बोट धरलं.

ते बोट मी ओळखलं.

मी उठायला हवं होतं. पण उठून काय सांगणार? तेवढ्यात तिने डबा मादामच्या हातात ठेवला, क्षणभर तिचा दंड धरला, आणि 'येते' न म्हणता निघून गेली.

मादामने झाकण उघडलं आणि मला हाक मारली. "उम्म सोहम, ये लवकर. तुझं हुम्मुस."

पिठलं-भात आम्ही दोघींनी मिळून खाल्लं.

डब्यावर तिच्या घरचं नाव कोरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी डबा घासून, रिकामा परत करायचा नाही म्हणून त्यात साखर घालून, सोहमला कडेवर घेऊन मी तिची बेल वाजवली. तिने दार उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग सोहमकडे, मग दाराची कडी घट्ट धरली.

काहीतरी बोलायला हवं होतं. या वेळी मी पाठ करून गेले नव्हते.

"पिठलं छान होतं," मी म्हटलं. "मीठ जरा कमी होतं."